चित्रकलेचा तास कुणाचा?

शाळेच्या वेळापत्रकात एक तास असा असतो, ज्यावर सगळ्यांचा डोळा असतो. गणिताचा पोर्शन मागे पडला, तो तास घ्या. इंग्रजीची सराव परीक्षा आहे, तो तास घ्या. शिष्यवृत्तीचे जादा वर्ग, ऑनलाइन माहिती भरायला बसलेल्या शिक्षकाचा रिकामा वर्ग, कार्यक्रमाची तालीम, सगळ्यांना तोच तास. चित्रकलेचा. स्टाफरूममध्ये त्याला सरळ 'ऑफ पिरियड' म्हणतात, आणि म्हणणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

मी सोलापुरातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, गरज पडली तर उर्दूही. वीस वर्षं होत आली. चित्रकला माझा विषय नाही, मला स्वतःला धड सरळ रेष मारता येत नाही. तरी लिहिते आहे, कारण चित्रकलेचे तास कापून जे विषय धष्टपुष्ट केले जातात त्यांत माझा विषय पहिल्या तिघांत आहे. आमच्याकडचे ड्रॉईंगचे सर निवृत्त झाले तेव्हा त्यांची जागा भरली गेली नाही. तास वाटून टाकायचे ठरलं. दोन तास मराठीला देऊ केले. मी नको म्हटलं. एका सहकाऱ्याने विचारलं, "आपा, पोरांना मराठी वाचता येत नाही, आणि तुम्हाला त्यांनी फुलदाणी काढत बसावं असं वाटतं?"

प्रश्न रास्त आहे. त्याच्याकडे मी येणार आहे. आधी हा तास रिकामा झाला कसा ते पाहू, कारण तो आपोआप झालेला नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी एक तरतूद आहे. शंभरावर पट असेल तर शाळेत कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांच्यासाठी निदेशक असावेत. पण कसे? अंशकालीन. गणिताचा शिक्षक पूर्णवेळ, कलेचा अर्धवेळ. मुलाला कलेचा हक्क मिळण्यासाठी शाळेत आणखी शंभर मुलं असावी लागतात, हे ज्याने लिहिलं त्याने गावातली उर्दू शाळा कधी पाहिली असेल का, अशी मला शंका आहे. तालुक्याच्या गावांत आमच्या शाळांचे वरचे वर्ग साठ-सत्तर पटावर चालतात. म्हणजे तिथे प्रश्नच मिटला.

मग २०१५ मध्ये राज्यात संचमान्यतेचे नवे निकष आले, आणि त्याच वर्षी कला-क्रीडेसाठी 'अतिथी निदेशक' नावाची सोय निघाली. मानधन तासाला ५० रुपये. ए.टी.डी. झालेल्या माणसाला तासाला पन्नास रुपये. आमच्या भागात फरशी बसवणारा मिस्त्री या पैशात चहा पिऊन निघून जाईल. 'अतिथी' हा शब्द मात्र अचूक निवडला आहे. अतिथी येतो, बसतो, जातो. त्याच्यासाठी घरात खोली बांधत नाहीत.

पुस्तकांची गोष्ट याहून बोलकी आहे. प्राथमिक वर्गांसाठी बालभारतीचं पुस्तक आहे, 'खेळू, करू, शिकू'. नाव गोड आहे. पण आत तीन विषय एकत्र बांधले आहेत: शारीरिक शिक्षण, कार्यानुभव आणि कला. भाषेचं पुस्तक वेगळं, गणिताचं वेगळं, आणि हे तिघे भाऊ एका चादरीत. चादर ओढली की एकाचे पाय उघडे पडणारच. नववी-दहावीसाठी 'स्व-विकास व कलारसास्वाद' असा विषय आला होता. काही वर्षांतच त्याच्या जागी जलसुरक्षा आली. पाणी वाचवायलाच हवं, सोलापूरकराला ते सांगावं लागत नाही. पण नवा विषय आत घ्यायचा असला की कोणाला उठवायचं, हे दरवेळी आधीच ठरलेलं असतं.

गेल्या वर्षीचंच घ्या. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा शासन निर्णय निघाला आणि २९ जूनला तो मागे घेतला गेला. मधले अडीच महिने महाराष्ट्र भाषेवर भांडत होता, आणि भांडायला हवंच होतं. मी स्वतः मराठीची शिक्षिका आहे, माझी बाजू सांगायची गरज नाही. पण सहा वर्षांच्या मुलाच्या वेळापत्रकात हे नवे तास कुणाच्या ताटातून काढणार, असं विचारणारे आवाज फार थोडे होते. आमच्या उर्दू शाळांत हे भांडण जुनं आहे. आमच्या मुलाच्या डोक्यावर उर्दू, मराठी, इंग्रजी आणि बऱ्याच ठिकाणी हिंदी, अशा चार भाषांचं ओझं आधीच आहे. लिपी तीन. घरात दखनी बोलतो ती पाचवी, पण ती कुणी मोजत नाही. भाषा वाढत गेल्या तसा कलेचा तास आक्रसत गेला. त्यावर ना मोर्चा निघाला, ना अग्रलेख आला.

आता गुणांचं. महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षा आहेत, कला संचालनालय त्या घेतं. इंटरमिजिएट पास झालेल्या मुलाला दहावीला वाढीव गुण मिळतात: 'ए' श्रेणीला ७, 'बी'ला ५, 'सी'ला ३. हेतू चांगला होता. कलेला काही किंमत मिळावी. झालं उलटं. किंमत कलेला न मिळता त्या सात गुणांना मिळाली. वर्षभर ज्या शाळेत रंगाची पेटी उघडत नाही ती शाळा परीक्षा जवळ आली की जागी होते. बाहेरून कुणीतरी बोलावला जातो, तो पंधरा दिवसांत बादली, तांब्या, दोन केळी आणि घडी पडलेलं कापड घोटून घेतो. पोरांना त्या बादलीची सावली पाठ असते. खरी बादली समोर ठेवली, खिडकी दुसऱ्या बाजूला आली, तरी सावली तिकडेच पडते. जिकडे पाठ केली आहे तिकडे. ज्याच्या वडिलांना बाहेरच्या क्लासची फी परवडते त्याला सात गुण, आणि जो खरंच काढतो पण ज्याच्या शाळेतून फॉर्मच गेले नाहीत त्याला शून्य. अकरावीच्या प्रवेशात हे गुण बोलतात. म्हणजे ज्याचं सगळ्यात कमी आहे त्याचंच आणखी काढून घेतलं.

हे सगळं सरकारचं. आता आपलं. आपलं म्हणजे आपल्या संस्था, आपले पालक, आपली कौम. इथे काही जण नाराज होतील, पण ब्लॉग माझा आहे.

आमच्या शाळांत चित्रकलेचा शिक्षक का नाही, असं विचारलं की एक उत्तर हमखास येतं: "अपने में तसवीर जायज़ नहीं ना." विषय संपला. पुढे बोललात तर तुम्ही दीनविरोधी.

मी आलिमा नाही, फतवा देण्याचा माझा अधिकार नाही आणि तशी इच्छाही नाही. पण जे सर्वांना ठाऊक आहे तेवढं तरी बोलू. मतभेद आहेत ते जिवंत प्राण्यांच्या, माणसांच्या चित्रांबद्दल. झाडं, फुलं, डोंगर, इमारती, भांडी, वेलबुट्टी, भूमिती, अक्षरं यांच्याबद्दल कुणाचा वाद आहे? सहीह बुखारीत हजरत इब्न अब्बास यांच्याकडे एक चित्रकार येतो, चित्रं हीच त्याची रोजी असते. त्याला ते चित्रांविरुद्धचा इशारा ऐकवतात आणि सांगतात, काढायचंच असेल तर झाडं काढ, ज्यात रूह नाही ते काढ. त्यांनी त्याला वाट दाखवली. आपण वाटच बुजवतो.

आता एलिमेंटरीचा अभ्यासक्रम उघडून बघा. चार पेपर: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि कर्तव्य भूमिती व अक्षरलेखन. वस्तुचित्रात भांडी आणि फळं. संकल्पचित्रात नक्षी. भूमितीत कंपास आणि पट्टी. अक्षरलेखनात अक्षरं. माणूस लागतो तो स्मरणचित्रात, बाजार, बसस्टँड, सणाचा दिवस असल्या विषयांत. म्हणजे सर्वांत कडक मत धरलं तरी चारातल्या तीन पेपरांना हात लावायला कुणाची हरकत असायचं कारण नाही. ज्याला स्मरणचित्राबद्दल शंका आहे त्याच्या शंकेचा मी आदर करते, शिक्षकाने त्या घराशी बोलून घ्यावं. पण तीन पेपरांचं उत्तर द्या ना. द्यायचं नसतं, कारण अडचण धर्माची नाही, पगाराची आहे. अनुदान नाही, संस्थेला पदरचे पैसे घालायचे नाहीत, आणि दीनचं नाव घेतलं की विचारणारा गप्प बसतो. त्याच संस्थेच्या वार्षिक जलशात चेअरमन साहेबांचा हसरा फोटो गेटवर दहा फूट उंच फ्लेक्सवर लावलेला असतो. तिथे तसवीर जायज़ होते. धर्माला असं चौकीदार म्हणून उभं करणं मला चित्र काढण्यापेक्षा जास्त गैर वाटतं.

आणि आपण कुठे राहतो ते तरी आठवू. सोलापूरहून विजापूर शंभर किलोमीटरच्या आसपास. दर दोन-तीन वर्षांनी आमच्या शाळेची सहल तिकडे जाते. इब्राहीम रोजाच्या खिडक्यांकडे पाहा, जाळीच अरबी अक्षरांची आहे. दगड कोरून अक्षरं मोकळी केली आहेत आणि त्यांच्यामधून उजेड आत येतो. हे बांधून घेणारा इब्राहीम आदिलशाह दुसरा, राज्यकाळ १५८० ते १६२७, संगीताचा आणि चित्रांचा दर्दी, त्याच्या दरबारातली दखनी चित्रं आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. आपली पोरं त्या खिडकीला पाठ करून सेल्फी काढतात आणि गोल घुमटात ओरडायला पळतात. त्यांना रागावून उपयोग नाही. वर्तुळात षट्कोन कसा बसतो हे ज्याने एकदाही कंपासने काढून पाहिलं नाही, त्याला त्या जाळीत काय दिसणार? आपण मंचावर 'हमारा शानदार माज़ी' यावर तासभर तकरीर करतो, आणि तो माज़ी ज्या हातांनी घडवला ते हात तयार करणारा तास इंग्रजी व्याकरणाला देऊन टाकतो.

मकबूल फिदा हुसेन १९१५ साली पंढरपुरात जन्मले, आमच्याच जिल्ह्यात. त्यांच्या चित्रांवरून पुढे जे झालं तो आज माझा विषय नाही. मला रझांची गोष्ट जास्त जवळची वाटते. सय्यद हैदर रझा मध्य प्रदेशातल्या जंगलभागात वाढले. शाळेत लक्ष लागत नव्हतं. मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितलं, याच्याकडे बघत बस. तोच बिंदू पुढे त्यांच्या चित्रांचा गाभा झाला, आणि ही आठवण ते आयुष्यभर सांगत राहिले. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला तेव्हा सहा संस्थापकांत हुसेन आणि रझा, दोघे होते. मी असं म्हणत नाही की प्रत्येक वर्गात एक रझा बसला आहे. बसलेला नाही. मी म्हणते त्या मास्तरांकडे एक भिंत होती, खडू होता आणि थोडा वेळ होता. आज तो ठिपका काढला असता तर त्यांना विचारलं असतं, हे कोणत्या अध्ययन निष्पत्तीत बसतं?

आता त्या सहकाऱ्याच्या प्रश्नाकडे. पोरांना मराठी वाचता येत नाही, मग चित्रं कशाला?

पाचवी-सहावीतलं उर्दू माध्यमाचं मूल देवनागरी लिहितं तेव्हा काय होतं ते मी रोज बघते. त्याचा हात उजवीकडून डावीकडे जायला शिकलेला आहे. त्याच्या उर्दूत अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एक रूप घेतं, मध्ये दुसरं, शेवटी तिसरं. बे, पे, ते ही अक्षरं एकाच होडीवर फक्त नुक्त्यांनी वेगळी होतात. नस्तालीक ओळीवर बसत नाही, वरून खाली उतरत येते. आणि मी त्याला सांगते की आता डावीकडून चल, प्रत्येक अक्षर आपल्या जागी उभं ठेव, आणि सगळी वरच्या रेघेला टांग. मग 'भ'चा 'म' होतो, 'ध'चा 'घ' होतो, शिरोरेषा कधी अक्षराच्या मध्यातून जाते. पाठांतराने हे सुटत नाही. अक्षराची गाठ कुठे आहे, पोट केवढं, मोकळी जागा किती, हे डोळ्यांनी हेरावं लागतं. म्हणजेच चित्र काढावं लागतं. ड्रॉईंगचे सर होते तेव्हा ज्या वर्गाला ते नियमित शिकवत त्या वर्गाच्या वह्या मला वेगळ्या ओळखू यायच्या. हा काही शास्त्रीय अभ्यास नाही, वह्या तपासून तपासून झालेली नजर आहे.

खुशखती शिकवणाऱ्या उस्तादांना हे हजार वर्षांपूर्वी कळलं होतं. कलमाच्या टोकाने पडणारा नुक्ता हे माप, आणि त्या मापाने अलिफची उंची ठरायची, बाकीची अक्षरं अलिफवरून. दहाव्या शतकातल्या बगदादच्या इब्न मुकला यांच्या नावाशी ही पद्धत जोडली जाते. अक्षर हे तिथे चित्रही होतं आणि भूमितीही. तीन विषय एका कलमात. आम्ही मात्र तिघांना तीन तासांत फोडलं आणि त्यातला एक कापला. देवनागरी, नस्तालीक आणि रोमन अशा तीन लिप्या लिहिणारं मूल महाराष्ट्रात उर्दू शाळेत हमखास सापडतं. अक्षरलेखनाच्या शिक्षकाला याहून चांगला वर्ग कुठे मिळणार होता?

पण इथे थांबते, कारण भाषेला मदत होते म्हणून चित्रकला ठेवा, असं म्हणणं म्हणजे तिला पुन्हा मराठीच्या घरात धुणीभांडी करायला ठेवणं. तिची स्वतःची कमाई आहे.

सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितलेल्या गोष्टींपैकी आपण दारिद्र्य आणि निरक्षरतेचे आकडे भाषणांत वापरतो. त्याच अहवालात हेही आहे की नियमित पगाराच्या नोकरीत मुसलमान कमी, स्वयंरोजगारात आणि कारागिरीत जास्त. आता आपल्या गल्लीत एक चक्कर मारा. जरी-आरीचं काम, शिलाई, फर्निचर, फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, गाड्यांचं पेंटिंग, फरशी, पीओपी, मेहंदी. यातलं कोणतं काम रेषेशिवाय होतं? सोलापूरची चादर घ्या, तिला भौगोलिक मानांकन आहे. तिच्यावरचं फूल आधी ग्राफ पेपरवर एकेक घर भरून काढलं जायचं, त्यावरून जॅकार्डची कार्डं पंच व्हायची. आज ते काम संगणकावर होतं, पण फूल अजूनही कुणालातरी काढावंच लागतं. विणणारा आणि डिझाइन काढणारा यांच्या मजुरीतला फरक कारखान्यात कुणालाही विचारा. फॅब्रिकेशनमधला पोरगा वेल्डिंग उत्तम करतो, पण आर्किटेक्टचा प्लॅन आणि एलिव्हेशन हातात दिलं की मालकाकडे बघतो. इंटरमिजिएटच्या घनभूमितीत नेमकं हेच शिकवतात. माझ्या वर्गातल्या मुली चाँदरातीला रात्रभर मेहंदी काढून पैसे कमावतात. त्यांची बोटं शिकलेली आहेत. शाळेने त्या बोटांना कधी विचारलंच नाही.

आपल्या संस्थांच्या जाहिरातींत मात्र नीट आणि जेईई. प्रत्येक जलशात डॉक्टर झालेल्या तीन मुलांचा सत्कार, ते व्हायलाच हवा, मीही टाळ्या वाजवते. पण उरलेल्या वर्गाचं काय, जो शेवटी वर्कशॉपमध्येच जाणार आहे? जो तास त्याला मजुराचा कारागीर करू शकला असता तो त्याच्याकडून काढून त्याला कधीच न लागणाऱ्या शर्यतीच्या तयारीला दिला. याला आपण तालीम म्हणतो.

मराठी माध्यमाच्या वाचकांनी हे वाचून 'त्यांच्या शाळांत असं चालतं' असा उसासा टाकू नये. तुमच्या मुलाची चित्रकलेची वही बघा, शेवटची तारीख कोणती आहे ते पाहा. आणि बी.एड.ला असताना पाठासाठी लागणारे तक्ते आपण सर्वांनी कुणाकडून पैसे देऊन रंगवून घेतले होते, तेही आठवा. त्या पेंटरचं दुकान कॉलेजसमोरच असायचं. कलेशिवाय अध्यापन होत नाही हे आमच्या प्रशिक्षणालाही ठाऊक होतं, फक्त ती विकत मिळते अशी समजूत होती.

२०२० च्या राष्ट्रीय धोरणात लिहिलं आहे की कला आणि विज्ञान, अभ्यासक्रमातलं आणि अभ्यासेतर, यांच्यात कडक भिंती नसतील. भिंत पाडायला आधी दोन्ही बाजूंना घर असावं लागतं. आमच्याकडे एका बाजूला निवृत्त झालेल्या सरांचं रिकामं कपाट आहे. त्यात अर्ध्या वाळलेल्या पोस्टर कलरच्या बाटल्या आहेत, दोन ड्रॉईंग बोर्ड आहेत आणि स्थिरचित्रासाठी ठेवलेली तीच ती पितळी सुरई आहे. सहावीची मुलं अजून मला विचारतात, "टीचर, आज डराइंग है क्या?"

म्हणून पालकांना माझी एवढीच विनंती. पुढच्या पालकसभेत मुलाला गणितात किती पडले हे विचारून झालं की आणखी तीन प्रश्न विचारा. वेळापत्रकात चित्रकलेचे तास किती? ते कोण घेतं, नाव काय? आणि ड्रॉईंगच्या शिक्षकाची जागा रिकामी असेल तर ती भरण्यासाठी संस्थेने शेवटचं पत्र कोणत्या तारखेला पाठवलं? तिसऱ्या प्रश्नाला 'सरकार देत नाही' असं उत्तर येईल. मग पत्राची प्रत मागा. 'दीन में मना है' असं उत्तर आलं, तर एलिमेंटरीच्या चार पेपरांचा कागद सोबत ठेवा आणि विचारा, यातला कोणता?